तिसरी ताटली

तीन ताटल्यांपैकी दोन हिरव्या झाल्या होत्या. तिसरी झाली नव्हती.

सुलतानानं तिन्ही ताटल्या अंगणातल्या ओट्यावर ओळीनं मांडल्या होत्या आणि ती त्यांच्यासमोर हात बांधून उभी होती. ईस्टरच्या आधीचा मोठा शुक्रवार होता. देवळाची घंटा सकाळपासून एकेक ठोका देत होती, माणूस गेल्यावर देतात तसा. आज हातोडा उचलायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, जमिनीत लोखंड घालायचं नाही. संध्याकाळी ख्रिस्ताची फुलांनी मढवलेली शवपेटी गल्लीतून जाईल, तेव्हा प्रत्येक दारात मेणबत्ती आणि कोवळ्या जवांची ताटली हवी. उत्तर ग्रीसमध्ये, सेर्रेसच्या बाजूला हे असंच चालतं, आणि सुलतानाच्या घरात तर ते एकही वर्ष चुकलेलं नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी जव पेरायचे, जिन्याखालच्या अंधारात ठेवायचे, म्हणजे ते घाईघाईनं उंच होतात. अंधारात ते पिवळट पांढरेच असतात. बुधवारी त्यांना उन्हात आणायचं आणि शुक्रवारपर्यंत ते हिरवे झाले पाहिजेत. गल्लीतल्या बाकीच्या बायका अलीकडे कापसाच्या बोळ्यावर पेरतात. सुलतानाला ते पसंत नव्हतं. माती आपल्या शेतातली हवी, हा नवरा अर्गिरिस होता तेव्हापासूनचा तिचा हट्ट.

"दोन दिवस ऊन खाल्लंय यांनी," ती म्हणाली. "तिन्हींनी सारखंच खाल्लंय."

तिचा थोरला मुलगा झिसिस दारात कॉफीचा कप घेऊन उभा होता. त्यानं ताटलीकडे एकदाच पाहिलं आणि कप कठड्यावर ठेवला. एकसष्ट वर्षांच्या त्या माणसानं तो पांढरा रंग ओळखला होता. गेल्या मे महिन्यात तणनाशक फवारल्यावर बांधावरचं तण असंच पांढरं झालेलं त्यानं पाहिलं होतं. त्या वेळी बघून त्याला बरं वाटलं होतं.

ते औषध तणाला जाळत नाही, त्याचा हिरवेपणा काढून घेतं. रोप उगवतं, पांढरं पडतं आणि उन्हात उभ्या उभ्या उपाशी मरतं. कापसाला ते सोसतं, बाकीच्यांना सोसेलच असं नाही. डब्यावर एका हेक्टरला एक डबा असं लिहिलं होतं. खालच्या चार हेक्टरच्या तुकड्यात झिसिसनं आठ डबे घातले होते.

कारण काय, तर धाकटा भाऊ पास्खालिस. कॉफीच्या दुकानात भर लोकांत तो म्हणाला होता, "आमच्या झिसिसनं यंदा कामोणी पेरलीय, कापूस आपला मध्ये मध्ये उगवलाय." दुकान हसलं. झिसिसही हसला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टरला पंप जोडून शेतात गेला. कामोणीचं तण गेलं. पास्खालिसची जीभही काही दिवस गप्प झाली. झिसिसला वाटलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता, कारण फेब्रुवारीत झिसिसची मुलगी मिर्सीनी थेस्सालोनिकीतली नोकरी सोडून घरी आली. खालचा तुकडा मला द्या, म्हणाली. इतकी वर्षं कापसावर कापूस घेऊन जमीन थकलीय, आता फेरपालट हवी, मी टोमॅटो लावते. झिसिसला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मुलगी परत आली या आनंदात त्यानं मान हलवली, आणि एकदा हलवलेली मान मागे घ्यायला रोज थोडा थोडा उशीर होत गेला. आता मंगळवारी रोपांचा ट्रक येणार होता. कामोणी आणि टोमॅटो एकाच कुळातले. कामोणीला मारायला घातलेलं औषध टोमॅटोला काय म्हणून सोडेल, हा प्रश्न झिसिस दोन महिने उशाला घेऊन झोपत होता.

"बी कुजकं असणार," पास्खालिस फाटकातून आत येत म्हणाला. त्याच्या हातात देवळासाठी लायलॅकच्या फुलांचा भारा होता. कुठलीही गोष्ट पूर्ण पाहायच्या आत मत देणं ही त्याची लहानपणापासूनची सवय.

"एकाच पिशवीतलं बी आहे," सुलताना म्हणाली.

"मग पाणी जास्त झालं."

"पास्खालिस, मी पासष्ट वर्षं जव लावतेय. मला पाणी घालायला शिकवू नकोस."

झिसिसची बायको आरेती हात पुसत बाहेर आली. ताटली पाहून तिनं छातीवर क्रूस काढला. झालं, सुलतानाला तेवढंच हवं होतं.

"घरातलं माणूस जायचं असतं त्या वर्षी असं होतं," ती शांतपणे म्हणाली. "अर्गिरिसनं बोलावणं धाडलंय मला. आरेती, माझा निळा ड्रेस काढून ठेव. काळा नको, काळ्यात मी जाड दिसते."

"आई, काहीतरी बोलू नका," आरेती म्हणाली. पण आवाज कापत होता, आणि सासूनं तो कापलेला बरोबर ऐकला.

मिर्सीनी परसातून आली तेव्हा तिच्या बुटांना चिखल होता. तिनं तिन्ही ताटल्या पाहिल्या, तिसरीसमोर वाकली, एक पांढरं पातं दोन बोटांत धरलं आणि सोडून दिलं. मग तिनं वडिलांकडे पाहिलं. झिसिस लगबगीनं कॉफीचा कप शोधायला लागला. कप त्याच्या समोरच होता.

जेवायला मसुराची आमटी होती, तेलाचा थेंब नसलेली, वर व्हिनेगर घातलेली. मोठ्या शुक्रवारी दुसरं काही मिळत नाही. पास्खालिसची बायको देवळात शवपेटी सजवायला गेलेली, म्हणून तोही जेवायला इथंच थांबला. पाचही जण टेबलाशी बसले आणि ताटली जणू सहावी बसली, कारण तिच्याशिवाय दुसरं बोलणंच निघेना.

"मला वाटतं, रोपं आठवडाभर पुढं ढकलावीत," आरेती म्हणाली. "सणाच्या तोंडावर असं दिसलंय. मन खातं."

"रोपं म्हणजे काय चपला आहेत, आठवडाभर कपाटात ठेवायला?" पास्खालिस म्हणाला. "पोरीनं सगळं ठरवलंय. लावणीचं यंत्र मी बोलून ठेवलंय. आता शकुन बघत बसायचं?" एरवी पुतणीच्या प्रत्येक बेतात खोट काढणारा काका आज तिच्या बाजूला होता. यंत्र त्यानं बोलून ठेवलं होतं ना.

आणि इथं झिसिसला वाट दिसली. कबूल न करता सुटायची वाट, सरळ आणि सोपी. त्याच्या आईनंच ती उघडून दिली होती.

"आई म्हणते ते अगदीच खोटं नाही," तो आमटीत चमचा फिरवत म्हणाला. "यंदा नकोच टोमॅटो. खाली कापूसच लावू. पुढच्या वर्षी बघू."

 सुलतानासुद्धा चकित झाली. तिच्या शकुनांना या मुलानं आजवर कधी भीक घातली नव्हती.

"तू कधीपासून शकुन मानायला लागलास?" पास्खालिस म्हणाला. "उपासात गोठ्यामागं सॉसेज खाणारा तू. मी पाहिलंय तुला."

"कधी?" आरेतीनं विचारलं.

"गेल्या बुधवारी."

"तो विषय वेगळा आहे," झिसिस म्हणाला.

मिर्सीनीनं पाव मोडला. "का नको, बाबा?"

"आजीचं मन..."

"आजीच्या मनाचं मी बघते. तू सांग, का नको?"

"जमीन तयार नाही वाटत मला. कापसानंतर टोमॅटो मानवतोच असं नाही. शिवाय हवा अजून गार आहे."

"एवढंच?"

ती रागावलेली नव्हती. ती वाट बघत होती, आणि तेच झिसिसला सोसेना. असं वाट बघणं त्यानं स्वतः केलं होतं, याच टेबलाशी, याच खुर्चीत, सव्वीस वर्षांचा असताना.

त्या वर्षी त्याच्या वडिलांनी, अर्गिरिसनं, खालचा तुकडा त्याला पहिल्यांदा स्वतंत्र दिला होता. झिसिसनं साखर कारखान्यासाठी बीट पेरलं. बीट उगवलं, चार पानांवर आलं आणि पट्ट्यापट्ट्यांनी बसत गेलं. आदल्या साली कापसात कुठलं तरी औषध पडलं होतं, किती ते एकट्या अर्गिरिसला ठाऊक. झिसिस टेबलाशी वाट बघत बसायचा, पण अर्गिरिस बोलला नाही. कॉफीच्या दुकानात कुणी विचारलं की म्हणायचा, "बी चांगलं होतं. पोरानं खोल पेरलं." गावानं ते मानलं. झिसिसनंही मानलं. बारा वर्षं पेरणी करताना तो दर दहा पावलांवर उतरून बोटानं खोली मोजायचा आणि लोक हसायचे. मग अर्गिरिस इस्पितळात शेवटच्या दुखण्यात पडला असताना एका दुपारी म्हणाला, "ते बीट तुझ्यामुळे गेलं नव्हतं, बरं का." एवढं बोलून त्यानं भिंतीकडे कूस वळवली. झिसिसला त्या दिवशी वडिलांची दया आली होती. क्षमा मात्र नीटशी कधी करता आली नाही.

"हा शकुन-बिकुन काही नाही," झिसिस म्हणाला. चमचा त्यानं बशीत ठेवला. "आई, तुला कुणी बोलावलेलं नाही. निळा ड्रेस राहू दे कपाटात. ते औषध आहे. गेल्या मे महिन्यात मी खालच्या तुकड्यात दुप्पट फवारलं. चारच्या जागी आठ डबे. मुद्दाम. कुणाला सांगितलं नाही."

"आठ?" पास्खालिस म्हणाला.

"तू कामोणीवरून बोललास म्हणून."

आता पास्खालिसला आपल्या बोलण्याचा हिशेब द्यायचा होता. आयुष्यात फार थोड्या वेळा त्याच्यावर ही पाळी आली असेल. "मी गंमत केली होती रे," तो म्हणाला. "माझ्या शेतात तुझ्याहून जास्त होती. ती कुणाला दिसू नये म्हणून तुझी दाखवली."

आरेतीनं नवऱ्याकडे पाहिलं. "आणि दोन महिने तू पोरीला नांगरू दिलंस. बांधावर उभं राहून वर दाद देत होतास."

"हो."

"तोंडाला कुलूप घातलं होतं कुणी?"

 झिसिस मुलीकडे वळला. "मिर्सीनी, रोपं नको लावूस तिथं. वरचा माझा तुकडा घे, तिथं गेल्या साली मका होता. ट्रक तिकडं वळवू. खालचं मी निस्तरीन. चुकलं माझं, आणि सांगायला उशीर केला हे त्याहून चुकलं."

त्याला वाटलं होतं ती उठून जाईल. तो गेला असता. मिर्सीनीनं दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली की रडता रडता हसली, कुणाला नीट कळलं नाही.

"आठ डबे," ती म्हणाली. "धुऊन, भोकं पाडून, पिशवीत बांधून शेडमागं ठेवलेत तू. बाबा, लपवायचे तरी नीट. मी आले त्याच आठवड्यात मोजले होते."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सगळे जण चला माझ्याबरोबर. आजी, तूसुद्धा. आणि नाही, लोखंड घालत नाही मी जमिनीत."

परसात, गोठ्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी तिनं प्लॅस्टिकचा एक बुटका मांडव घातला होता. घरातल्यांना वाटत होतं तिथं ती सॅलडची पानं लावतेय. आत दह्याचे रिकामे डबे ओळीनं होते, चाळीसेक तरी, प्रत्येकावर काळ्या शाईनं काहीबाही लिहिलेलं. काहींत ओट उगवला होता, काहींत टोमॅटोची लहान रोपं. बहुतेक सगळे डबे हिरवेगार होते. एका टोकाच्या पाच डब्यांतला ओट सायीसारखा पांढरा होता आणि टोमॅटो पिवळे पडून माना टाकून बसले होते.

"हे पहिल्या ओळीतले डबे आपल्या परसातल्या मातीचे," मिर्सीनी म्हणाली. "तिथं कधी औषध पडलेलं नाही, म्हणजे तुलना करायला बरं. बाकीची माती खालच्या तुकड्यातली. दर तीस पावलांवरची एक, वरची आणि वीतभर खोलीची. ओट नाजूक असतो, औषध उरलं असेल तर पहिला तोच बोलतो. एकदा फेब्रुवारीत लावलं, एकदा खोल नांगरट झाल्यावर मार्चमध्ये. फेब्रुवारीत जरा भीती वाटली होती. पण यंदा पाऊस किती झाला बघा, स्त्रिमोनास नदी दोनदा काठाबाहेर आली. त्यात नांगरटीनं माती खालीवर झाली. आता शेत स्वच्छ आहे."

"सगळं?" झिसिसनं विचारलं. 

"हे पाच सोडून. हे कुठले ते तूच सांग."

झिसिसला डब्यांवरचं अक्षर वाचायचीही गरज नव्हती. "विहिरीच्या पंपाजवळचे," तो म्हणाला. "तिथं मी टाकी भरली. औषध कालवलं. नळ्या तपासल्या. शेवटी टाकी धुतली तीही तिथंच."

"मी तिथं बोरूच्या काठ्या रोवून ठेवल्यात. तेवढ्या जागेत टोमॅटो नाही. तिथं कापूसच राहू दे."

सुलताना इतका वेळ मांडवाच्या तोंडाशी वाकून डब्यांकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "दोन ताटल्यांची माती मी शेताच्या मधून आणली, रानपेअरच्या झाडाखालून. अर्गिरिस तिथूनच आणायचा. तिसऱ्या वेळी गुडघे बोलायला लागले. मग म्हटलं, माती ती माती. विहिरीपाशी गाडी उभी होती, तिथलीच घेतली."

मिर्सीनीनं आजीला मिठी मारली. "दोन महिने डबे मांडून मी जे काढलं, ते तू तीन ताटल्यांत काढलंस."

"म्हणजे मी मरत नाही यंदा," सुलताना म्हणाली. तिच्या बोलण्यात सुटकेबरोबर थोडी निराशाही असावी, कारण निळा ड्रेस तिला खरोखर शोभायचा.

पास्खालिस तर एकदम हलका झाला. त्यानं यंत्रवाल्याला फोन लावला, मग आज फोन करणं बरं दिसत नाही हे आठवून बंद केला, आणि भावाच्या पाठीत एक थाप घातली. आरेती पदरानं डोळे पुसावेत तशी एप्रननं डोळे पुसत म्हणाली, "चला, आमटी गार झाली असेल." सगळे तिच्यामागून निघाले.

झिसिस मात्र मांडवातच थांबला.  तो उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसला. मिर्सीनीही थांबली.

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?" त्यानं विचारलं.

"शेताचं मला डबे सांगत होते," ती म्हणाली. "तुझं कोण सांगणार? बीटाची गोष्ट आजीनं मला लहानपणीच सांगितलीय. मी बघत होते, तू आजोबांसारखं करतोस का. मंगळवारपर्यंत बोलला नसतास तरी रोपं लावलीच असती मी. ती आलीही असती. फक्त तुला कधी काही विचारलं नसतं."

झिसिसनं मान खाली घातली. त्याला भयंकर लाज वाटत होती आणि त्या लाजेच्या खाली, कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं असं बरं वाटत होतं.

"मंगळवारी सहाला निघायचं," मिर्सीनी म्हणाली. "ट्रॅक्टर तू चालव. तुझ्याइतकी सरळ ओळ कुणाची येत नाही. फवारणीचा पंप मात्र इथून पुढं माझ्याकडे."

"बरं."

"आणि खोली बोटानं मोजत बसायची नाही. यंत्र मोजतं."

"ते बघू," झिसिस म्हणाला.

उन्हं उतरली तशी गल्लीत दारोदार टेबलं आली. आरेतीनं पांढरा कपडा अंथरला, मध्ये ख्रिस्ताचं चित्र ठेवलं, दोन बाजूंना दोन हिरव्या ताटल्या आणि मेणबत्त्या. तिसरी तिनं आत, स्वयंपाकघरात ठेवली होती. झिसिस आत गेला आणि ती घेऊन बाहेर आला.

"ती कशाला?" आरेती कुजबुजली. "लोक विचारतील."

"आपल्याच शेतातली आहे," तो म्हणाला आणि त्यानं ती चित्राच्या पुढ्यात ठेवली. मिर्सीनीनं तिच्यात एक बारकी मेणबत्ती खोचली आणि पेटवली.

लांबून धूप आणि गाणं जवळ येत होतं. शेजारची ओलिंपिया आपलं टेबल लावून झाल्यावर, दरवर्षीप्रमाणे, इतरांची बघायला आली. तिच्यामागून कॉफीच्या दुकानातले तिघे-चौघे हातात मेणबत्त्या घेऊन येत होते. ओलिंपिया थांबली आणि वाकली.

"अगबाई, सुलताना, ही अशी पांढरी का राहिली? बी कुजकं निघालं की काय?"

सुलतानानं थोरल्याला झाकायला तोंड उघडलं होतं. पास्खालिसही तयारच होता. पण झिसिसनं आधीच घसा साफ केला आणि दुकानातल्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"बी चांगलं होतं. पेरलंही नीट होतं. औषध मी दुप्पट घातलं."